डेम्लो संख्या: शब्द कुठला आणि लिहायचा कसा?

प्रश्न असा आहे: १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येला 'डेम्लो संख्या' म्हणतात, तर हा शब्द इटालियन किंवा लॅटिन आहे का? आणि लिहिताना डेम्लो बरोबर की डेमलो?

शब्द परदेशी नाही, अगदी घरचा आहे. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी तो दिला. तेव्हाच्या जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर, मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या स्टेशनात त्यांना या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना सुचली, म्हणून स्टेशनाचेच नाव संख्यांना मिळाले. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली, असे सांगतात. डोंबिवलीतल्या 'वली'चा त्यात मागमूसही नाही, तेव्हा धातू-प्रत्यय शोधण्यात अर्थ नाही. कापरेकरांनी संख्यांना दिलेल्या इतर नावांतही हाच आपलेपणा दिसतो: हर्षद, स्वयंभू, देवळाली आणि दत्तात्रय संख्या. मला ही नावे फार आवडतात.

आता अर्थ. संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग करायचे. डावा आणि उजवा भाग मिळवले की मधल्याच अंकाची ओळ यायला हवी. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये ५च आहेत. विचारलेल्या संख्येत मधला ९ बाजूला ठेवा: १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१ बरोबर ९९९९९९९९. कागदावर मांडून पाहाच, एकही हातचा येत नाही.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो, म्हणजे ती कापरेकरांच्याच व्याख्येने हर्षद संख्याही ठरते. मूळ अवयव तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७. दहा वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग केला की मात्र हातचा आडवा येतो आणि उलटसुलट सारखे वाचता येणारे रूप मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

मोठ्याने वाचायची तर भास्कराचार्यांच्या स्थाननामांत तिचा सर्वांत डावीकडचा १ 'मध्य' या स्थानी येतो, परार्धाच्या एक घर अलीकडे.

राहिले लेखन. मराठीत 'इमला', 'गमला' आपण जोडाक्षराशिवाय लिहितो आणि उच्चार चुकत नाही, त्यामुळे 'डेमलो' अशुद्ध म्हणता येणार नाही. पण ते शब्द तोंडात बसलेले आहेत, हा नाही. नवखा वाचक डे-म-लो असे सुटे वाचेल, म्हणून मी 'डेम्लो' लिहावे असे सुचवेन. लिंग 'संख्या'चे, म्हणून 'ही डेम्लो आहे'. विभक्ती लावताना 'डेम्लोचा', 'डेम्लोला'. अनेकवचनी 'डेम्लो संख्यांचा' असे पूर्ण लिहिलेले बरे.