'क्रिटर्स अटॅक!' बघण्याआधी जुना 'क्रिटर्स' बघायलाच हवा का?

कथा समजायला? अजिबात नको. दोन्ही सिनेमे परग्रहावरून आलेल्या छोट्या, खादाड प्राण्यांचे, थोडे भीतीचे, थोडे हसवणारे; पण २०१९चा 'अटॅक!' नवी माणसं घेऊन पहिल्यापासून सुरू होतो. पण हातात एकच मोकळी रात्र असेल, तर मी म्हणेन १९८६चा 'क्रिटर्स'च बघा.

माझी या प्राण्यांशी ओळख केबलच्या काळातली. रात्री अकराला आवाज बारीक करून बघत होतो. आई पाणी प्यायला उठली आणि म्हणाली, "हे साळिंदर कुणाला चावतंय?" इतकं नेमकं वर्णन मी नंतर कुठल्या परीक्षणातही वाचलं नाही. हे प्राणी, म्हणजे क्राइट्स, चेंडूसारखे घरंगळत येतात, पाठीवरचे विषारी काटे फेकतात आणि दिसेल ते खातात. तुरुंगात नेत असताना यान पळवून ते कॅन्ससमधल्या एका शेतावर उतरतात आणि ब्राउन कुटुंबाला घरात कोंडतात.

खरी गंमत त्यांच्या बोलण्यात आहे. भाषा त्यांची, खाली सबटायटल्स. एक सांगतो की यांच्याकडे हत्यारं आहेत, दुसरा म्हणतो, मग काय झालं? तेवढ्यात बार उडतो, दुसऱ्याच्या चिंधड्या होतात आणि उरलेल्याच्या तोंडून फक्त शिवी निघते. घरातली आई आहे डी वॉलेस, म्हणजे चार वर्षं आधी 'ई.टी.' या गोड परग्रहवासीच्या सिनेमात आई झालेलीच. आणि या सिनेमात एक क्राइट ई.टी.च्या बाहुलीला 'तू कोण?' विचारतो, उत्तर येत नाही म्हणून तिचं मुंडकंच तोडतो!

लोक याला 'ग्रेमलिन्स' या अशाच छोट्या राक्षसांच्या सिनेमाची नक्कल म्हणतात. दिग्दर्शक स्टीफन हेरेक यांचं म्हणणं, पटकथा त्याच्या आधीचीच होती. ते काहीही असो, मोठा फरक डोळ्यांसमोर आहे: तिथे कुशीत घ्यावासा वाटणारा गिझमो होता, इथे एकही गोंडस नाही. सगळे एकजात मवाली, खादाड आणि वर भित्रे.

नव्या सिनेमात दिग्दर्शक बॉबी मिलर यांनी नेमकं हेच सोडलं. ड्रिया नावाची मुलगी एका प्राध्यापिकेची मुलं सांभाळत असते, जंगलात त्यांना बियांका नावाची पांढरी, जखमी क्राइट सापडते. ती चांगली, इतर वाईट. झालं, गिझमो परत आला! ज्या नकलेचा आरोप जुन्या सिनेमाने इतकी वर्षं सोसला, तो नव्या सिनेमाने आपणहून अंगावर घेतला. बियांका पडद्यावर आली की मला भीतीही वाटत नव्हती आणि हसूही येत नव्हतं.

बाकी वाईट नाही. प्राणी कॉम्प्युटरवर न काढता खऱ्या बाहुल्या वापरल्यात आणि रक्तपात जुन्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर जपून. डी वॉलेसही आहे, यावेळी क्राइट्सची शिकारी म्हणून. पण तिच्या वाट्याला इतकं थोडं काम आलंय की चिडचिड होते. त्याच वर्षी याच प्राण्यांवर 'क्रिटर्स: अ न्यू बिंज' नावाची आठ छोट्या भागांची मालिकाही आली होती. मी तिसऱ्या भागातच सोडली.

जुना सिनेमा दीड तासाच्या आत संपतो. त्यानंतरही झोप नसेल तर १९८८चा दुसरा भाग लावा. त्यात सगळे क्राइट्स मिळून एक भलामोठा गोळा होतात आणि तो गोळा माणसावरून गेला की मागे फक्त सांगाडा उरतो. नवा सिनेमा रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बघा. मध्ये डुलकी लागली तरी फारसं काही चुकणार नाही.