वाढत्या अंगाचा हिशेब

नाशिकहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि नुकताच प्लेग्रुपला जायला लागलाय. दिवाळीच्या आणि पुढच्या थंडीच्या कपड्यांसाठी त्यांनी ऑनलाइन सेलमध्ये १९,४०० रुपयांचं कार्ट भरून ठेवलंय. बोनस २८,००० रुपये येणार आहे. क्रेडिट कार्डावर ३१,००० रुपये थकलेत, त्यावर दरमहा १,८०० च्या आसपास भरतात. मुलाच्या नावाने चाललेल्या आरडीत ३६,००० जमलेत. फराळ आणि पाहुण्यांचा खर्च त्यांनी पगारातून आधीच बाजूला काढलाय. प्रश्न असा: हे कपडे सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट इएमआयवर घ्यावेत, बोनसमधून घ्यावेत, की आरडी मोडावी? पतीचं म्हणणं, साठ टक्के सूट आहे तर पुढच्या वर्षाचंही आत्ताच घेऊन टाकू. जाऊबाईंनी त्यांच्या मुलाचे कपडे पिशवी भरून दिलेत, पण "पहिलाच मुलगा, दिवाळीला जुनं कसं घालायचं" असं वाटतंय.

तुम्ही कार्टाची यादी पाठवलीत ते फार बरं केलंत, नाहीतर मला व्याजावरच बोलावं लागलं असतं. यादी पाहिल्यावर वाटलं, पैसे कुठून आणायचे याआधी काय घ्यायचं तेच ठरवू. दोन शेरवानी-जाकीट संच ४,२०० चे, जाडजूड पफर जॅकेट ३,२९९ चं, तीन जीन्स २,६९७ च्या, चार हुडी २,९९६ च्या, बुटांचे दोन जोड २,५०० चे आणि "३-४ वर्षे" मापाचे पुढच्या वर्षासाठीचे कपडे ३,७०८ चे.

आता तुमच्या मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पाऊस गेला की ऑक्टोबरचा चटका सुरू होतो, दुपारी अंगात बनियन नको होतं. कोजागरीनंतर पहाटे गारवा येतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटे ९-१० अंश, निफाडकडे त्याहूनही खाली, आणि त्याच दिवशी दुपारी २८ ते ३० अंश. म्हणजे एका दिवसात वीस अंशांचा फरक. अशा हवेत एक जाड कपडा कामाचा नसतो, तीन पातळ लागतात. आत सुती बंडी, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती टीशर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर आणि सकाळी कानटोपी. ऊन वर आलं की एकेक उतरवायचं. पफर जॅकेट घातलेलं मूल दहा मिनिटं धावलं की आतली बंडी घामाने चिंब होते आणि मग तीच ओली बंडी त्याला गार पडते. ते जॅकेट नाशिकमध्ये फार तर वीस सकाळी अंगावर चढेल, म्हणजे एका वेळेला १६५ रुपये पडले. अडीचशेची ट्रॅकपॅन्ट आठवड्यातून दोनदा, आठ महिने घातली तर सत्तर वेळा वापरून होते, एका वेळेला साडेतीन रुपये. मी लहान मुलांच्या कपड्याचा भाव असाच काढतो, लेबलवरचा आकडा बघत नाही.

त्या जॅकेटबद्दल आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के. तुमच्या ३,२९९ मध्ये साधारण पाचशे रुपये नुसता कर आहे. तेवढ्यात दोन ट्रॅकपॅन्ट आल्या असत्या.

जीन्सचं सांगतो. अडीच वर्षांचा मुलगा म्हणजे लंगोट सुटायचे दिवस. "आई शू" म्हणाल्यापासून तुमच्या हातात किती वेळ असतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेवढ्यात बटण काढायचं, चेन ओढायची, घट्ट जीन्स खाली करायची, हे जमत नाही. प्लेग्रुपच्या ताईंनाही नाही. कमरेला मऊ इलास्टिक हवं, जे मूल आपल्या हाताने खाली ओढू शकेल. नाडी नको, पट्टा नको, डंगरी तर मुळीच नको. आणि या महिन्यांत संख्या लागते. दिवसाला तीन चड्ड्या ओल्या होणार, थंडीत त्या लवकर वाळणार नाहीत. म्हणून तीन महागड्या जीन्सऐवजी सहा साध्या ट्रॅकपॅन्ट आणि आठ चड्ड्या. हुडीत टोपीला दोरी असेल तर ती काढून टाका. घसरगुंडीवर अडकते. युरोपच्या सुरक्षा मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या टोपीला दोरी लावायलाच मनाई आहे.

पुढच्या वर्षासाठी आत्ताच घेण्याबद्दल तुमच्या पतींना माझा सरळ नकार कळवा. सूट खरी असली तरी. दुसऱ्या वाढदिवसापासून तिसऱ्यापर्यंत मुलगा साधारण ८-९ सेंटीमीटर वाढतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मधला, म्हणजे सर्वसाधारण उंचीचा, मुलगा दोन वर्षांचा ८७ सेंटीमीटर आणि तीन वर्षांचा ९६ सेंटीमीटर आहे. पण तुमचा मुलगा मधलाच असेल असं कुणी सांगितलंय? शिवाय एका कंपनीचं "३-४" दुसरीच्या "२-३" एवढं असतं. आणि तीन वर्षांच्या मुलाला स्वतःचं मत असतं. हिरवा नको म्हटलं की हिरवा नको. कपाटात लेबलासकट राहिलेला कपडा साठ टक्के सुटीत घेतलेला असला तरी पूर्ण किमतीचा तोटा आहे.

याच्या उलट, आपल्याकडे जे "वाढत्या अंगाचं" घेतात ते मला मान्य आहे, पण सगळ्याच बाबतीत नाही. टीशर्ट, कुर्ता, स्वेटर एक माप मोठा चालतो. बाही दुमडली की झालं. पॅन्ट मोठी घेतली तर पायात येऊन मूल तोंडावर पडतं, तेव्हा ती दुमडून टाके घालून द्या. आणि बूट वाढत्या अंगाचे कधीही घेऊ नका. पुढे साधारण एक सेंटीमीटर मोकळं राहील असा एकच जोड घ्या आणि तीन-चार महिन्यांनी अंगठ्याने दाबून बघा. दोन जोड एकाच वेळी घेतले तर दुसरा फारसा न घालताच लहान होतो.

माझी आई धाकट्या भावाच्या चड्डीला खाली दोन दुमडी घालायची. पोळ्याच्या सुमारास एक उसवायची, पुढच्या वर्षी दुसरी. उसवली की तिथे मूळ रंगाची गडद पट्टी दिसायची, बाकीचं कापड धुऊन धुऊन फिकं झालेलं. त्या पट्टीवरून भाऊ किती वाढला ते कळायचं. तुम्ही दिवाळीचा कुर्ता-लेंगा शिवून घेणार असाल तर शिंप्याला पायाला आणि बाहीला आत दोन बोटं जादा माया ठेवायला सांगा. तयार घेणार असाल तर शिवण उलटून बघा, आत किती कापड सोडलंय ते. बहुतेक वेळा काहीच नसतं.

दिवाळीचा एक चांगला पोशाख घ्याच, त्यात मन मारू नका. पहिला मुलगा आहे, अभ्यंगस्नानानंतर तो नव्या कपड्यात पाटावर बसलेला तुम्हाला बघायचाय, याला हौस म्हणतात आणि हौसेसाठीच आपण कमावतो. पण एकच. मऊ सुती किंवा मलमलचं अस्तर असलेला, गळ्याला जरीचं काम न टोचणारा कुर्ता आणि इलास्टिकचा लेंगा, आठ-नऊशेपर्यंत छान मिळतो. तोच पुढे हळदीकुंकवाला आणि लग्नाला चालेल. दुसरी शेरवानी आत्या किंवा मामा आणतीलच. उलट "काय आणू?" असं कुणी विचारलं तर संकोच न करता माप सांगा आणि पूर्ण बाह्यांचे टीशर्ट मागा. कपाटात भरजरी तीन संच आणि घालायला एकही नाही, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

जाऊबाईंच्या पिशवीविषयी तुम्ही जे लिहिलंत ते वाचून थांबलो. आपल्याकडे अनेक घरांत बाळाला पहिले काही दिवस नवं घालतच नाहीत. आजीच्या जुन्या धुवट लुगड्याचं झबलं शिवतात, कारण ते मऊ असतं आणि अंगाला टोचत नाही. मग अडीच वर्षांच्या मुलाला चुलत भावाचा स्वेटर घातला तर त्यात कमीपणा कसला? आज पिशवी जमिनीवर रिकामी करा. डाग असलेलं, इलास्टिक सैल झालेलं बाजूला काढा, त्यातलं गोधडीला जाईल ते जाऊ द्या, उरलेलं बोहारणीला. बूट जुने घेऊ नका, ते दुसऱ्याच्या पायाच्या घडणीने घासलेले असतात. चार टीशर्ट आणि एक स्वेटर जरी नीट निघाला तरी माझ्या हिशेबाने १,६५० रुपये वाचले.

माझी यादी अशी होते. सहा टीशर्ट १,५००, सहा ट्रॅकपॅन्ट १,५००, सहा बंड्या ५४०, आठ चड्ड्या ४८०, एक बिनबाह्यांचा आणि एक पुढून चेनचा स्वेटर मिळून १,१००, कानटोपी आणि मोजे ३००, बूट ९००, दिवाळीचा कुर्ता-लेंगा ९००. एकूण ७,२२०. जाऊबाईंचे १,६५० वजा केले की ५,५७०. मेन रोड किंवा शालिमारला मुलाला घेऊन जा, टीशर्ट अंगावर धरून घ्या. स्वेटर तिबेटियन मार्केटला बघा आणि घेताना तो गळ्याला घासून बघा. खरखरीत लोकर मूल पाच मिनिटांत ओढून काढतं.

आता पैशांकडे येऊ. नो-कॉस्ट इएमआयमध्ये बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्या माथी येतं. तुमच्या रकमेवर हे सगळं मिळून चारशेच्या आसपास होईल. म्हणजे हप्ता फार महाग आहे असं मी म्हणणार नाही. अडचण दुसरीच आहे. सहा महिने ३,२३३ रुपयांचा हप्ता आणि आत्ताचे १,८०० मिळून पाच हजारांवर जाणार. जिथे १,८०० च भरता येतात तिथे हे पैसे कुठून येतील? एखादा महिना चुकला की तो हप्ताही थकबाकीत जाऊन बसेल.

आणि ती थकबाकीच तुमचं खरं दुखणं आहे. ३१,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी १,०८५ व्याज, त्यावर जीएसटी १९५, झाले १,२८०. तुम्ही भरता १,८००. मुद्दल कमी होतं फक्त ५२० रुपयांनी. शिवाय मागची बाकी असताना कार्डावर नवीन काही घेतलं तर बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. अशा कार्डावर बाळाचे मोजेसुद्धा घेऊ नका.

म्हणून बोनसची वाटणी: ५,६०० कपड्यांना, २२,००० कार्डाला, उरलेले चारशे रिक्षा-खाण्याला. कार्डावर ९,००० राहतील. ते तीन महिन्यांत संपवायचे, पहिले दोन महिने ३,५०० आणि तिसऱ्या महिन्यात उरलेले सुमारे २,७००. १,८०० च्या वर लागणारी रक्कम काढायला तीन महिने बाहेरचं खाणं आणि सबस्क्रिप्शन थांबवावी लागतील, हे मी लपवत नाही.

आरडीबद्दल नुसतं गणित केलं तर ती मोडून हे ९,००० आजच फेडा असंच उत्तर येतं, कारण आरडीचं व्याज कार्डाच्या जवळपासही नाही. तरी मी मोडू नका म्हणतो. तुमच्या पत्रात दुसरी कुठलीच शिल्लक दिसत नाही. मुलाला ताप येऊन दवाखान्यात ठेवावं लागलं तर हेच ३६,००० आहेत. ते नसतील तर पुन्हा कार्डच बाहेर निघेल. तीन महिन्यांचं सातशेच्या आसपास व्याज मी त्या आधाराची किंमत समजतो. मात्र तीन महिन्यांत कार्ड संपलं नाही, तर मला पुन्हा लिहा, तेव्हा माझं मत बदलेल.

कार्ड संपल्यावर दरमहा ७५० रुपये वेगळ्या खात्यात टाका. मुलांचे कपडे वर्षातून दोनदा लागतात, दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि दोन्ही मिळून नऊ हजारांत नीट भागतं. हा खर्च अचानक येत नाही, मूल वाढणार हे आधीपासून ठाऊक असतं.

या रविवारी मुलाला दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीने खूण करा, उंची सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा, छाती आणि पाऊलही मोजा. बोनस जमा झाला की त्याच संध्याकाळी कार्डाचे २२,००० भरा. भरल्याचा मेसेज आला की मग ते कार्ट उघडा आणि एकेक वस्तू काढून टाका.