बीओडी (पाण्यातल्या कुजणाऱ्या घाणीचं माप) उत्तम येतोय, तर गर्भनिरोधक गोळ्यांमधलं हॉर्मोनही आमच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटमध्ये) निघून जात असेल ना?

असं धरून चालू नका. आमच्या एका साहेबांचं हेच पालुपद होतं, म्हणून लिहायला बसलो. अहो, बीओडी मोजतात मिलिग्रॅममध्ये, हॉर्मोन नॅनोग्रॅममध्ये. मध्ये दहा लाखांची पट आहे. तुमच्या रिपोर्टात ते दिसणार कुठून?

त्या साहेबांच्या प्लांटवर एकदा बाहेरून इस्ट्रोजेनची, म्हणजे स्त्री-हॉर्मोनांची, तपासणी झाली. आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर जाणाऱ्या पाण्यात इस्ट्रोन, त्यातलंच एक हॉर्मोन, जास्त निघालं. साहेबांनी थेट लॅबलाच वेड्यात काढलं. मी म्हटलं, आकडा खरा असू शकतो. शरीर हॉर्मोनला ग्लुकुरोनाइड नाहीतर सल्फेट जोडून बाहेर टाकतं आणि त्या रूपात ते साध्या तपासणीत सापडत नाही. गटारातले, टाकीतले जिवाणू ती जोडणी तोडतात, की मूळ हॉर्मोन पुन्हा मोकळं. वर इस्ट्राडिओल या दुसऱ्या इस्ट्रोजेनचं ऑक्सिडेशन होऊनही इस्ट्रोनच बनतं. साहेब म्हणाले, "नॅनोग्रॅमने कोण मरतंय?" आणि टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरची वीज वाचवायला टाकीतला जिवाणूंचा गाळ आणखी काढायला लावला.

कोण मरतं ते कॅनडात दिसलंय. ओंटारिओतल्या एका प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ या काळात गोळीतलं एथिनिलइस्ट्राडिओल लिटरला ५-६ नॅनोग्रॅम एवढंच ठेवलं होतं. नर माशांच्या अंगात अंड्यांचं प्रथिन तयार व्हायला लागलं आणि तळ्यातले फॅटहेड मिनो मासे जवळजवळ संपले.

या रेणूच्या १७व्या कार्बनवर एथिनिल गट मुद्दाम बसवलेला असतो, यकृताने रेणू लगेच मोडू नये म्हणून. मग जिवाणूंनाही तो सहजी मोडत नाही. नैसर्गिक इस्ट्राडिओल भराभर जातं, हे रेंगाळतं. ते जातं मुख्यतः जुन्या गाळात, जिथे नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) नीट चालतं. गाळाचं वय, म्हणजे गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो ते, १० दिवसांच्या वर ठेवा, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) पडू देऊ नका. नायट्रिफिकेशन करणारे जिवाणू, नायट्रिफायर, सावकाश वाढतात. भसाभस गाळ काढलात तर ते आधी जातील. हॉर्मोन मोडायचं काम तेच करतात की त्यांच्या शेजारचे जिवाणू, यावर संशोधक भांडतात. आपल्याला काय, दोघांनाही जुनाच गाळ लागतो. तुमच्याकडे कोणी बीओडी नाचवत आला, तर त्याला बाहेरच्या पाण्यातला अमोनिया विचारा. तो जास्त असेल तर नायट्रिफिकेशन नीट चालत नाही, पुढे बोलायचंच नाही.

एवढं करूनही सगळं जाणार नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. काही भाग नुसता गाळाला चिकटतो आणि ऑक्सिजनविना चालणाऱ्या डायजेस्टरमध्ये (गाळ कुजवायच्या टाकीत) तो फारसा मोडत नाही, त्यामुळे तो गाळ शेतात टाकण्याआधी विचार करा. खरोखर कमी करायचं असेल तर शेवटी ओझोन किंवा ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक प्लांटना ही जोड कायद्यानेच बंधनकारक केली आहे. आणि हो, ब्लोअरचं बिल वाढेल. तेवढ्यापुरते साहेब खरं बोलत होते.