पूलसाठी साठ टक्के उचल? एफडी मोडू नका

प्रश्न : गुहागरला घरामागच्या आगरात २० बाय १० फुटांचा स्विमिंग पूल बांधायचा आहे. मुलं-नातवंडं येतात, हंगामात दोन खोल्या पाहुण्यांनाही देतो. पुण्याच्या कॉन्ट्रॅक्टरने १२ लाख सांगितलेत. ६० टक्के आधी मागतोय, रोख दिले तर जीएसटी लावणार नाही म्हणतो. मिस्टरांच्या निवृत्तीची एफडी मोडू का?

ताई, पूल जरूर बांधा. पण ७ लाख २० हजार आधी देऊ नका. खड्डा खणून माणूस फोन उचलेनासा झाला, तर दुसरा कॉन्ट्रॅक्टर अर्धवट काम सहसा हातात घेत नाही. घेतलंच तर आधीचं तोडण्याचेही पैसे लावतो. तेव्हा झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे कधीच त्याच्याकडे जाऊ देऊ नका.

सुरुवातीला १० टक्के पुरेत. पुढचा हप्ता खोदाई झाल्यावर, त्यापुढचा सळई बांधून झाल्यावर. काँक्रीट ओतण्याआधी गावातल्या एखाद्या इंजिनिअरला ती दाखवा, त्याची फी वाया जाणार नाही. वॉटरप्रूफिंगनंतर आणि टाइल्सआधी पूल काठोकाठ भरा, भिंतीवर खूण करा आणि आठवडाभर पातळी बघा. खोली सरासरी चार फूट धरली तर अंदाजे २२-२३ हजार लिटर पाणी लागेल, ते कोणी आणायचं हेही करारात लिहा. पंप आणि फिल्टर स्वतःच्या नावाने बिल घेऊन परस्पर खरेदी करा, म्हणजे वॉरंटी तुमच्याकडे राहते.

शेवटचे १० टक्के एक पावसाळा काढल्यावरच द्या. किनाऱ्यालगत पावसात जमिनीतलं पाणी वर येतं आणि त्या दाबाने रिकामा पूल वर उचलला जाऊन तडकू शकतो. दोष असेल तर तो तेव्हाच कळतो.

रोखीचा मोह टाळा. १८ टक्के जीएसटी म्हणजे २ लाख १६ हजार, रक्कम मोठी आहे हे मान्य. पण बिल नसेल तर पैसे दिल्याचं सिद्ध कशाने करणार? शिवाय एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे.

वाद झालाच तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुमच्याच जिल्ह्यात, रत्नागिरीच्या ग्राहक आयोगात करता येते; त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची. खोल्या भाड्याने देता म्हणून समोरचा ‘हा व्यावसायिक वापर’ असा मुद्दा काढेल, त्यामुळे घरगुती वापर करारात स्पष्ट लिहून घ्या. आणि निकाल लागला तरी वसुलीला वेळ जातो, म्हणून हप्त्यांचीच राखण खरी.

एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. व्याज उचललेल्या रकमेवरच लागेल, आणि हप्ता देण्याची वेळ येईल तेव्हाच पैसे काढाल. घर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असेल तर सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) परवानगी आधी तपासा.

सही करण्याआधी कॉन्ट्रॅक्टरने किनाऱ्यावर बांधलेला, दोन पावसाळे काढलेला एखादा पूल जाऊन बघा आणि मालकाशी तो नसताना बोला. हे हप्ते त्याला मान्य नसतील, किंवा पाऊस तोंडावर आलाय म्हणून तो घाई करत असेल, तर दुसरा माणूस शोधा आणि काम दिवाळीनंतर काढा.