आईला शुगर निघाली, गावात राहते. सकाळी पोह्यांऐवजी काय द्यावं? गूळ चालतो का?

भाऊ, काय द्यावं ते सांगते, पण आधी आईला विचारा, ती किती वाजता खाते आणि तोवर कढईत काय उरलेलं असतं. तुम्ही ते लिहिलंच नाही, आणि माझं सगळं दुखणं तिथंच होतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते, एकत्र कुटुंब, घरात 9 माणसं. 2022 मध्ये माझी उपाशीपोटीची साखर 238 निघाली, एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 9.1. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि "नाश्ता हलका करा" म्हणाले. हलका म्हणजे आमच्याकडे पोहे. पहाटे 5 ला साखरेचा चहा आणि 2 टोस, मग सगळ्यांचे पोहे, पोरांचे डबे, आणि 10 च्या सुमारास कढईच्या बुडाशी राहिलेले पोहे मी खरवडून खायची. फल्लीदाणे, सांबार (कोथिंबीर) आधीच्या ताटल्यांत निघून गेलेला, माझ्या वाट्याला निव्वळ पोहे. सहा महिने गोळ्या घेऊनही साखर उतरेना. भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, चारचौघांत म्हणाले, "चोरून गोड खात असेल." त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही. पण कापूस वेचणीच्या पैशातून शुगरचं मशीन आणलं.

भासऱ्यांचं किराणा दुकान आहे. त्यांच्याच काट्यावर माझ्या वाट्याचे कोरडे पोहे ठेवायला लावले. 90 ग्रॅम भरले. पोह्यात 100 ग्रॅमला 76-77 ग्रॅम कार्ब (पोटात गेल्यावर ज्याची साखर होते ते) असतात, म्हणजे माझ्या ताटलीत जवळजवळ 70. चमचाभर साखर 5 ग्रॅम धरली तर 14 चमचे. मी वाटीत 14 चमचे साखर मोजून त्यांच्यासमोर ठेवली. मग तेच पोहे करून खाल्ले, 2 तासांनी बोटाला टोचलं, 281. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बेसनाची 2 धिरडी, 2 उकडलेली अंडी आणि जवसाची चटणी. 2 तासांनी 176. भासरे आकडा बघून उठून गेले. जाऊ तेवढी म्हणाली, "मंग तुह्यासाठी रोज येगळं कोन करन?"

खरी अडचण ही होती. मी म्हटलं, वेगळं काही होणार नाही, सगळे हेच खातील आणि मी सगळ्यांसोबत 8 वाजता खाईन. महिनाभर कुरकुर चालली, मी हटले नाही. पुढच्या 4 महिन्यांत एचबीएवनसी 7.2 वर आलं. ज्या घरात बाईला वेळेवर ताट मिळत नाही, त्या घरात शुगरचा आहार नुसता कागदावर राहतो, हे मी कोणालाही तोंडावर सांगते.

आता आईचं. पहाटे शरीर स्वतःच यकृतातून रक्तात साखर सोडतं आणि सकाळी इन्सुलिनचा जोर कमी पडतो, म्हणून तेच खाणं सकाळी जास्त साखर चढवतं. तेव्हा चहा बिनसाखरेचा, टोस-बिस्किटं बंद. मूग भिजवून वाटलेली किंवा बेसनाची धिरडी, अंडी, बरबटीची (चवळीची) उसळ, हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची भाजी, ताक. पोहे हवेच असतील तर कोरडे 30 ग्रॅम आणि त्यात दुप्पट मोडाचे मूग. साबुदाण्याला चतुर्थीचीही सूट देऊ नका.

"जोवारीची भाकर खा, शुगर पळते" असं सांगणारेही मला पटत नाहीत. जोवारीच्या पिठातही 100 ग्रॅमला 70 च्या आसपास कार्ब आहेत. चोथा जास्त म्हणून पोह्यांपेक्षा बरी, पण एकच पातळ भाकर, आणि तिच्याआधी आंबाडीची भाजी किंवा बेसन पोटात गेलेलं बरं. खाल्ल्यावर 15 मिनिटं चालणंही कामी येतं.

हे आधी सांगायला हवं होतं: आई ग्लिमेपिराइडची (साखर खाली आणणारी) गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कार्ब एकदम कमी करू नका. मी तसं केलं आणि वावरात वेचणी करताना अंगाला कापरं सुटलं, घामाने लुगडं भिजलं, डोळ्यांपुढे अंधारी. मशीनवर 58. सोबतच्या बाईने गुळाचा खडा तोंडात घातला तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत सावरले. नंतर डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली. डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी) चालू असेल तरीही विचारूनच करा, आणि किडनीचा त्रास असेल तर डाळी-अंडी किती खायची तेही. घरात सिकलसेल (रक्ताच्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल, आपल्या विदर्भात तो बराच आहे, तर एचबीएवनसीचा आकडा फसवा येऊ शकतो. डॉक्टरांना तसं सांगा.

गूळ चालत नाही. भासरे अजूनही गिऱ्हाइकांना "सेंद्रिय आहे, शुगरवाल्यांना चालते" म्हणून गूळ देतात. परवा मी दुकानात सगळ्यांसमोर विचारलं, ज्या गुळाने माझी 58 ची साखर पंधरा मिनिटांत वर आणली, तो शुगरवाल्याला चालतो कसा?