पाच माणसं, एक गाडी आणि रोमचं स्वस्त तिकीट

प्रश्न : आम्ही नेदरलँड्समध्ये आयंडहोव्हनला राहतो. सासू-सासरे सांगलीहून दोन महिन्यांसाठी आले आहेत. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि ते दोघं असे पाचजण पिंक्स्टरेन या ख्रिस्ती सणाच्या जोडसुट्टीत तीन रात्री रोमला जायचं म्हणतोय. बेल्जियममधल्या शार्लरुआहून रायनएअरचं जायचं तिकीट २१ आणि यायचं २७ युरोंना दिसतंय. ॲम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाहून केएलएम या डच कंपनीचं जाऊन-येऊन तिकीट १३९ युरो आहे. पाचजणांचे २४० विरुद्ध ६९५! नवरा म्हणतो, स्वस्त विमानं शेवटी महागच पडतात. सोमवारी रात्री रोमहून परत येऊ आणि मंगळवारी दुपारी सासू-सासऱ्यांचं स्खिपोलहून मुंबईचं विमान आहे. त्यांचा व्हिसाही त्याच आठवड्यात संपतो. काय करावं?

उत्तर : ताई, प्रश्नासोबत सगळे आकडे दिलेत, त्यामुळे अंदाजाने बोलायची वेळ आली नाही. आधी निर्णय सांगतो. रायनएअरनेच जा, पण त्या सुट्टीत जाऊ नका. तिकीट स्वस्त आहे म्हणून मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती तुमच्या सोमवार रात्रीची.

मिस्टरांच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण ती बिनबुडाची नाही. मार्च २०२५ला संपलेल्या आर्थिक वर्षात रायनएअरचं सरासरी भाडं ४६ युरोंच्या आसपास होतं. बॅग, सीट, आधी चढण्याची प्रायॉरिटी अशा वरच्या गोष्टींतून कंपनीने प्रवाशामागे आणखी २३ युरोंहून थोडे जास्त मिळवले. म्हणजे एकूण कमाईतला तिसरा हिस्सा तिकिटाच्या बाहेरचा आहे. म्हणून मी कुठल्याही स्वस्त विमानाचं नुसतं भाडं बघत नाही. घराचं कुलूप लावल्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत किती पैसे गेले, तेवढाच हिशेब धरतो. तुमचा तसा मांडून पाहिला.

रायनएअरचे २४० युरो. पाचजणांना मिळून वीस किलोची एक बॅग पुरेल. जाता-येता प्रत्येकी ३५ धरले तर तिचे ७०. बारा वर्षांखालचं मूल सोबत असेल तर एका मोठ्या माणसाने सीट विकत घ्यावीच लागते, मग मुलाला शेजारची सीट फुकट मिळते. त्याचे दोन्ही वेळचे मिळून १६. सासू-सासऱ्यांना एकत्र बसवायचं असेल तर आणखी ३६. तुम्हा दोघांपैकी उरलेल्या एकाने मिळेल तिथे बसावं, दोन तासांचाच प्रवास आहे. गाडीचं पेट्रोल आणि चार दिवसांचं पार्किंग मिळून १००. चाम्पिनो विमानतळ रोमच्या अगदी जवळ आहे, तिथून शहरात जायच्या-यायच्या बसचे पाचजणांचे ७०. बेरीज ५३२ युरो.

आता दुसरी बाजू. केएलएमचे ६९५, आणि त्यात केबिन बॅग आली. आयंडहोव्हन ते स्खिपोल रेल्वेचे चार मोठ्यांचे दोन्ही वेळचे २००, मुलीचे ५. केएलएम उतरतं त्या फ्युमिचिनो विमानतळाहून रोमच्या तेर्मिनी स्टेशनात जाणाऱ्या लिओनार्दो एक्सप्रेसचं तिकीट १४ युरो, चौघांचे जाऊन-येऊन ११२, लहान मुलीला सोबत फुकट. बेरीज १०१२.

फरक ४८० युरो. तुम्ही सुरुवातीला जो ४५५ दिसला म्हणालात, तो सगळे खर्च धरल्यावर कमी होण्याऐवजी वाढला. कारण तुम्ही पाचजण एका गाडीतून जाताय. गाडीचे १०० युरो पाच जणांत वाटले जातात, रेल्वेचं तिकीट मात्र माणसागणिक लागतं. हाच हिशेब एकट्या माणसासाठी, बॅगेशिवाय केला तर रायनएअर १६२ आणि केएलएम २१७ पडतं. फरक फक्त ५५ युरोंचा. तेवढ्यासाठी मी कुणाला रात्री तीनला उठून पावणेदोनशे किलोमीटर गाडी हाकायला सांगणार नाही. म्हणून तुमच्या मिस्टरांचं म्हणणं त्यांच्या एकट्याच्या ऑफिसच्या फेरीला लागू पडेल, या सहलीला नाही.

शार्लरुआच का, आपल्या दारातल्या आयंडहोव्हन विमानतळावरून स्वस्त का नाही, असंही तुम्हाला वाटलं असेल. नेदरलँड्समधून प्रवास सुरू करणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर २०२५ साली २९.४० युरो सरकारी कर होता. बेल्जियममध्ये असा कर जेमतेम काही युरोंचा आहे. पाचजणांचा डच करच १४७ युरो होतो. दोन तिकिटांतला सगळा फरक विमान कंपन्यांनी पाडलेला नाही, काही भाग सीमेने पाडला आहे. आयंडहोव्हन आणि मास्ट्रिख्टकडचे लोक बेल्जियम किंवा जर्मनीतला विमानतळ गाठतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

बाकीच्या कंपन्यांचं थोडक्यात. ईझीजेटची फुकट बॅग ४५×३६×२० सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे ३२ लिटरची. रायनएअर, विझ एअर, ट्रान्सएव्हिया यांची ४०×३०×२०, म्हणजे २४ लिटरची. एका सॅकवर दोन-तीन दिवस काढणाऱ्याला हा आठ लिटरचा फरक तिकिटातल्या दहा-पंधरा युरोंइतका मोलाचा असतो. विझ एअरचा वर्षभर उडण्याचा पासही असतो. शाळेत जाणारं मूल असलेल्या घराने तो घेऊ नये. त्यात विमान सुटण्याआधीच्या शेवटच्या तीन दिवसांतच जागा मिळवायची असते आणि ती मिळेलच याची खात्री नसते. परतीची जागा न मिळालेलं कुटुंब मग पूर्ण भावाने तिकीट काढतं. पासवर वाचवलेलं सगळं त्या एका रात्रीत जातं.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं, ते. स्वस्त विमान स्वस्त असतं, कारण कंपनीने बरीच कामं आणि बरीच जोखीम तुमच्याकडे सोपवलेली असते. चेक-इन तुम्ही करायचं, बॅग तुम्ही मोजायची, उशीर झाला तर पुढचं तुम्ही निस्तरायचं. ४८० युरो ही त्या कामाची मजुरी समजा. कामं तुम्ही नीट कराल, याची मला खात्री आहे. जोखीम मात्र तुम्ही नको तिथे नेऊन ठेवली आहे.

सोमवारी रात्रीचं रोमचं विमान आणि मंगळवार दुपारचं मुंबईचं विमान ही दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं आहेत. पहिलं रद्द झालं तर दुसऱ्याला त्याचं देणंघेणं नाही. युरोपीय संघाच्या २००४च्या नियमानुसार रायनएअरला तुम्हाला पुढच्या विमानात जागा किंवा पैसे परत द्यावे लागतील, हॉटेल आणि जेवणही द्यावं लागेल. तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल तर या अंतरासाठी माणशी २५० युरो भरपाईही मिळते. भारतीय पासपोर्ट असला तरी मिळते, एकवीस युरोंच्या तिकिटावरही मिळते. पाचजणांचे १२५० होतात, हे जरूर लक्षात ठेवा. तो अर्ज कंपनीच्या साइटवर स्वतः करा, मध्यस्थ कंपन्या त्यातला मोठा वाटा ठेवून घेतात. पण हवाई नियंत्रकांचा संप किंवा वादळ असेल तर ही भरपाई नाही. आणि तुमचं चुकलेलं मुंबईचं विमान या नियमात कुठेच बसत नाही.

ते चुकलं तर काय होईल? ऐनवेळी मुंबईची दोन तिकिटं काढायला हजार युरोंच्या पुढे सहज जातील. त्यात व्हिसा त्याच आठवड्यात संपतोय. वयस्कर माणसाच्या पासपोर्टवर मुदतीपेक्षा जास्त राहिल्याची नोंद पडली तर पुढच्या वेळी नातीला भेटायला यायचा रस्ता अवघड होतो. त्याची किंमत युरोंत काढता येत नाही. व्हिसासाठी काढलेला विमा तीस हजार युरोंचा असला तरी तो आजारपणासाठी असतो. चुकलेल्या विमानाचं त्यात आहे का, ते पॉलिसीत वाचून घ्या. बहुधा नसेल.

ही भीती मी हवेतून काढलेली नाही. २०२५मध्ये बेल्जियममधल्या देशव्यापी संपांच्या दिवशी शार्लरुआहून एकही विमान सुटू शकलं नाही, असे प्रसंग आले. इटलीतही वाहतुकीचे संप नवीन नाहीत. एका दिवसाचा खोळंबा होण्याची शक्यता कमी असेल, पण त्या एका दिवसावर तुम्ही सगळं टांगून ठेवलंय.

म्हणून हेमेलफार्टला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीला, जा. हा गुरुवार पिंक्स्टरेनच्या रविवारच्या दहा दिवस आधी येतो, लागून येणाऱ्या शुक्रवारी बहुतेक शाळा बंद असतात, म्हणजे मुलीचा एकही दिवस बुडत नाही. तुमच्यातल्या एकाला एखादी रजा टाकावी लागेल. समजा त्या तारखेला भाडं माणशी १५ युरोंनी जास्त निघालं, तर ७५ गेले आणि ४०५ युरो तरीही हातात राहिले. शंभर रुपयांचा युरो धरला तर चाळीस हजार रुपये. परत आल्यावर मुंबईच्या विमानापर्यंत आठ दिवस मोकळे राहतील. विमान एक सोडून दोन दिवस रखडलं तरी घरात कुणाचा जीव टांगणीला लागणार नाही. वर सासूबाईंना बॅगा भरायला निवांतपणा मिळेल. सांगलीला परत जाताना शेवटचे दोन दिवस बॅगा भरण्यातच जातात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हेमेलफार्टलाही भाडं आवाक्याबाहेर गेलेलं दिसलं तर रोम सोडा आणि त्यांना रेल्वेने बेल्जियममधल्या ब्रुझला एक दिवस घेऊन जा. पण पिंक्स्टरेनचा सोमवार नको.

जातानाचं विमान पहाटे साडेसहाचं असेल तर त्याचाही एकदा विचार करा. त्यासाठी घरून तीनला निघावं लागेल. आदल्या रात्री विमानतळाजवळ दोन खोल्या घेतल्या तर साधारण १६० युरो जातील, आणि बचत २४५वर येईल. माझ्या मते तरीही सौदा ठीक आहे, पण त्याआधी सासऱ्यांना स्पष्ट विचारा. वडीलधारी माणसं खर्चाचं ऐकून ‘मला चालेल’ म्हणतात आणि मग दिवसभर गुडघा धरून बसतात.

तिकीट काढताना आणि निघताना चुकू नयेत अशा गोष्टी आता सांगतो. तिकीट कंपनीच्याच साइटवर काढा. स्कायस्कॅनर, गूगल फ्लाइट्स तारखा ताडून पाहायला उत्तम आहेत, पण पैसे मध्यस्थाला देऊ नका. विमान रद्द झालं की पैसे कोणाकडे अडकलेत हे शोधण्यात महिने जातात. नावं पासपोर्टवर आहेत तशीच्या तशी टाका. सासूबाईंचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांत फरक असेल तर तिकीट घेण्याआधीच बघा, कारण नाव बदलण्याची फी तिकिटाच्या कितीतरी पट असते.

ऑनलाइन चेक-इन विमानाच्या दोन तास आधी बंद होतं. राहिलं तर विमानतळावर माणशी ५५ युरो, पाचजणांचे २७५. म्हणजे निम्म्याहून जास्त बचत एका विसरण्यात संपली. सीट घेतली नसेल तर चेक-इन चोवीस तास आधीच उघडतं, म्हणून घरातल्या एकाच माणसाने पाचहीजणांचं हे काम अंगावर घ्यावं आणि फोनवर गजर लावावा. नोव्हेंबर २०२५पासून बोर्डिंग पास कागदावर चालत नाही, रायनएअरच्या ॲपमध्येच लागतो. तेव्हा फोन चार्ज करून ठेवा. पाचहीजण भारतीय पासपोर्टवर जात असाल तर सुरक्षा तपासणीआधी काउंटरवर कागदपत्रं दाखवून व्हिसा तपासणी करून घ्या. सासू-सासऱ्यांचे मूळ पासपोर्ट आणि तुमची रेसिडेन्स कार्डं, मुलीचंसुद्धा, सोबत हवीत. बॅगेचा काउंटर विमानाच्या चाळीस मिनिटं आधी बंद होतो, त्यामुळे ही तपासणी बॅग देतानाच उरकून टाका.

पैसे सासरे भरतो म्हणतील. त्यांचं भारतातलं कार्ड वापरणार असाल तर रक्कम रुपयांत दाखवून भरण्याचा पर्याय समोर येईल. तो नाकारा आणि युरोतच भरा, कारण तिथला रुपयाचा दर कंपनी ठरवते आणि तो बँकेपेक्षा वाईट असतो. त्यांच्या बँकेचं परकी चलनाचं शुल्क साडेतीन टक्क्यांपर्यंत असू शकतं, त्यावर जीएसटी वेगळा. त्यापेक्षा तिकीट तुमच्या डच खात्यातून काढा आणि रोमला एका संध्याकाळचं जेवण त्यांच्याकडून घ्या. त्यांचाही मान राहील.