वाचकांचे प्रश्न : शार्लटची मागची खोली

प्रश्न : जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेजुडिस' या कादंबरीवरचा २००५ सालचा चित्रपट मुलीसोबत पाहिला. तिला तो फार आवडला. मला मात्र नाच, बागा आणि लग्ने जुळवण्याची खटपट यांपलीकडे त्यात काही दिसले नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या या गोष्टी पुन्हा पुन्हा पडद्यावर का येतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ती खटपट ज्या हिशेबापोटी चालली आहे, तो हिशेब आधी मांडून पाहू. १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत नायिका एलिझाबेथचे वडील बेनेट यांच्या जमिनीचे उत्पन्न वर्षाला २,००० पौंड आहे. पण मुलगा नसल्यास ती दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जावी, असे कागदोपत्री आधीच बांधलेले असल्यामुळे वडिलांनी डोळे मिटताच आई आणि पाच मुली यांना राहते घरसुद्धा कॉलिन्स नावाच्या पाद्र्याच्या हवाली करावे लागणार आहे. हाच कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालायला येतो आणि त्या बोलण्याच्या ओघातच तिला ऐकवतो, की आईच्या पश्चात तिच्या वाट्याला चार टक्के व्याजाने गुंतवलेले १,००० पौंड येतील. म्हणजे वर्षाला ४० पौंड. एलिझाबेथ त्याला नाही म्हणते, ते आई-बहिणींच्या डोक्यावरचे छप्पर पणाला लावून.

याच्या पुढचे पान मला अधिक महत्त्वाचे वाटते. एलिझाबेथने नाकारलेले ते स्थळ अवघ्या काही दिवसांत तिची जिवलग मैत्रीण शार्लट ल्यूकस पत्करते. आपण पाहिलेल्या चित्रपटात एलिझाबेथ झोपाळ्यावर बसलेली असताना शार्लट ही बातमी घेऊन येते आणि मैत्रिणीच्या चेहऱ्यावरची नापसंती पाहून सांगते, की मी सत्तावीस वर्षांची आहे, जवळ पैसा नाही, आईवडिलांना माझा भार झाला आहे आणि मला भीती वाटते. 'भीती वाटते' हे शब्द कादंबरीत नाहीत. तिथली शार्लट शांतपणे एवढेच म्हणते, की मला फक्त सुखाचे घर हवे आहे. पटकथेने शब्द बदलले, पण ते मूळ व्यक्तिरेखेच्या पोटातूनच काढले, म्हणून मला ते योग्य वाटतात.

पुढे एलिझाबेथ शार्लटच्या सासरी, केंटमध्ये, राहायला जाते. शार्लटने बसायला मागच्या बाजूची लहान खोली का निवडली, याचे तिला प्रथम नवल वाटते, कारण जेवणाची खोली त्याहून मोठी आणि मोकळी आहे. मग तिच्या ध्यानात येते, की कॉलिन्स रस्त्यावरची वर्दळ पाहत आपल्या पुढच्या खोलीत रमतो. बायकोची खोलीही तितकीच मोक्याची असती, तर तो दिवसभर तिथेच येऊन बसला असता. त्या निवडीत एका बाईचा सगळा संसार आहे. आता मुलीसोबत चित्रपट पुन्हा पाहाल, तेव्हा एलिझाबेथ आणि नायक डार्सी यांच्यावरून क्षणभर नजर काढून शार्लटकडे अवश्य पाहावे.

पेहराव आणि वाडे कुणालाही उभे करता येतात. रूपांतर जिवंत राहते ते हा हिशेब जिवंत राहिला तर. राजीव मेनन यांचा २००० सालचा तमिळ चित्रपट 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन' मला म्हणूनच मोलाचा वाटतो. ऑस्टिनच्याच 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'मधल्या बहिणी तिथे तब्बू आणि ऐश्वर्या राय यांनी उभ्या केल्या आहेत. आजोबांच्या पश्चात चेट्टिनाडचा वाडा सोडून आई आणि मुली चेन्नईला येतात, थोरली नोकरी शोधू लागते, आणि ऑस्टिनचे दुखणे भारतीय घरात जराही उपरे वाटत नाही.

प्रश्न : 'क्लूलेस' हा कॉलेजवयीन मुलांचा चित्रपट 'एमा'वर बेतला आहे, हे खरे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होय. एमी हेकरलिंग यांनी १९९५ साली १८१५ची ती कादंबरी बेव्हर्ली हिल्समधल्या एका शाळेत नेली. ऑस्टिनच्या नायिकांमध्ये एमाला पोटासाठी लग्न करण्याची गरज नाही, आणि त्या निर्धास्तपणातूनच ती इतरांची लग्ने जुळवत सुटते. चित्रपटाची नायिका, वकिलाची लाडकी लेक शेर, तशीच आहे. कादंबरीत बॉक्स हिलवरच्या सहलीत एमा गरीब, बडबड्या मिस बेट्सचा चारचौघांत अपमान करते आणि घरोब्यातल्या नाइटलीने कान उघडल्यावर परतीच्या वाटेवर तिला रडू आवरत नाही. चित्रपटात शेर मोलकरणीला मेक्सिकन समजून बोलते आणि तिला दुखावते; ती एल साल्वाडोरची आहे, हे तिचा पूर्वीचा सावत्र भाऊ जॉश याला सांगावे लागते. प्रसंगाची निवड अचूक आहे, मात्र शेरची टोचणी फार लवकर विरते. एमा दुसऱ्या दिवशी सकाळी मिस बेट्सच्या दारी जाते, तो भाग मला तिथे हवा होता.

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. 'प्राइड अँड प्रेजुडिस' आधी वाचावी की पाहावी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी पाहावी, आणि तीही बीबीसीची १९९५ सालची सहा भागांची मालिका. अँड्र्यू डेव्हिस यांच्या पटकथेत पुष्कळसे संवाद मूळ कादंबरीतून आले आहेत, त्यामुळे त्या लांब, वळणदार इंग्रजी वाक्यांची कानाला सवय होते आणि नंतर पुस्तक हाती घेतले की ओळखीचे आवाज ऐकू येऊ लागतात. एक गोष्ट मात्र पुस्तकात शोधू नये. डार्सी तळ्यात उडी घेतो, हा गाजलेला प्रसंग मालिकेचा आहे. कादंबरीत मालक घरी नाही या भरवशावर एलिझाबेथ मामा-मामींबरोबर डार्सीचा वाडा, पेम्बर्ली, पाहायला आलेली असते. तो एक दिवस आधीच परततो, तबेल्याकडच्या वाटेने अचानक समोर येतो, आणि वीस यार्डांवरून नजरानजर होताच दोघांचेही चेहरे लाजेने लाल होतात.